पाठमोरी सूर्यफुलं

धाकटा भाऊ तीस वर्षं पुण्यात आहे. या तीस वर्षांत त्याने मला शेताबद्दल दोनच प्रश्न विचारले. एक, "यंदा पाऊस कसाय?" आणि दोन, "अंजीर पाठवतोयस ना?" पहिल्याच्या उत्तराची त्याला गरज नसते, दुसऱ्याचं उत्तर खोक्यातून येतं. त्यामुळे गेल्या दसऱ्याला त्याची लेक गाडीतून उतरून चहाही न घेता नुकत्याच उगवलेल्या शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, कडेला जाऊन उभी राहिली आणि "नाना, मार्चमध्ये हे शेत कुठल्या रंगाचं असतं?" असं विचारती झाली, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

"मार्चमध्ये? मातीच्या."

तिने फोनमध्ये काहीतरी टिपलं. "म्हणजे टेराकोटा. चालेल."

तिचं लग्न ठरलं होतं आणि ते आमच्या वावरात व्हायचं होतं. हॉल नको, लॉन्स नको. उघड्यावर, रंगीबेरंगी आणि वसंत ऋतूत. हे सगळं ती मला सांगत होती तेव्हा भाऊ मागे उभा राहून चपलेला लागलेला चिखल बघत होता. आपल्याला आधीच हरवलेलं आहे हे ज्याला कळतं, तो माणूस असाच उभा राहतो.

मी पुरंदरचा. सासवडच्या पलीकडे चार एकर रान आहे. दीड एकर अंजीर, एकरभर सीताफळ, उरलेल्यात शाळू, गहू, वाटाणा, म्हणजे त्या वर्षीच्या विहिरीला जे परवडेल ते. आमच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून अंजीर आहे तसंच आहे, मी मात्र त्याविषयी बोलताना जरा ताठ बसतो. पण मानांकन अंजिराला आहे, रानाला नाही. शाळू काढल्यावर आमचं रान दिसतं ते दाढी करताना मध्येच वीज गेलेल्या माणसासारखं. सगळीकडे धसकटं.

आणि वसंत! पंचांगात वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. कवींकडे या दोन महिन्यांत कोकिळ येतो, आमच्याकडे टँकर. कोकिळही येतो, नाही असं नाही, पण टँकरच्या हॉर्नपुढे त्याचं ऐकतो कोण? पुतणीच्या फोनमधला वसंत निराळाच होता. गुडघाभर हिरवळ, मवाळ ऊन, नवरीच्या खांद्यावर शाल. ती शाल बघून मी म्हणालो, "बाई, मार्चअखेर इथं पारा सदतीस-अडतीसवर असतो. शाल पाहिजेच असेल तर ओली करून घे."

शेवटी तडजोड झाली. चैत्राऐवजी फाल्गुन वद्य, आणि भर दुपारऐवजी गोरज मुहूर्त. सहा वाजून चाळीस मिनिटं. गुरुजींनी गोरज हा शब्द उच्चारला आणि पुतणीने त्याचा अर्थ विचारला. गुरुजींनी सांगितला: संध्याकाळी गाई रानातून घरी परततात, त्यांच्या खुरांनी जी धूळ उडते ती गोरज. ते ऐकताना तिचे डोळे असे काही चमकले की मला माझ्या गोठ्याची काळजी वाटू लागली. तिथे येईन.

जानेवारीत डिझायनर आली. पंचविशीतली, हुशार, बोलायला गोड पोरगी. मला काका म्हणायची, शेताला व्हेन्यू म्हणायची. तिने ओसरीवर बसून लॅपटॉप उघडला आणि लग्नाचे पाच रंग दाखवले. मस्टर्ड, सेज ग्रीन, टेराकोटा, डस्टी रोझ आणि पीच. सगळ्या लग्नात हेच पाच. पाहुण्यांचे कपडेसुद्धा यातलेच.

आमच्या आईचं वय ब्याऐंशी. तिला रंगातलं फार कळतं. आठवडे बाजारात कापडवाल्यासमोर बसून ती अबोली, आमसुली, चिंतामणी, गुलबक्षी, मोरपंखी, डाळिंबी अशी नावं घेते, तेव्हा कापडवाला ठाणं उलगडता उलगडता घामाघूम होतो. ती लॅपटॉपजवळ सरकली.

"ह्यो कंचा म्हनायचा?"

"मस्टर्ड, आजी. म्हणजे मोहरी कलर."

"मोहरी काळी असती गं," आई म्हणाली. "ही हळद हाय. बिघाडलेली."

पुढचा रंग सेज ग्रीन. सेज हे झाड आमच्यापैकी कुणीच बघितलेलं नव्हतं. आईने तो क्षणभर न्याहाळला आणि "शेवाळी" म्हणून निकाल दिला. टेराकोटाला "कौल." पीच म्हणजे "अबोली, चार पावसाळं खाल्लेली." डस्टी रोझचा मी तिला अर्थ सांगितला, धुळीतला गुलाब, तर ती म्हणाली, "मंग धुवून घ्यायचा की." एवढं झाल्यावर तिने उलट प्रश्न केला. "ह्यात अंजिरी कुठं हाय? अंजिराच्या रानात लगीन आन् अंजिरी न्हाय?"

डिझायनरला अंजिरी ठाऊक नव्हता. आई आत गेली, ट्रंकेतून एक जुनं लुगडं घेऊन आली. पिकल्या अंजिराची साल असते ना, जांभळ्याच्या आणि लालाच्या मधली, वर किंचित पांढुरकी झाक, तो रंग. पोरीने त्यावरून हात फिरवला, फोटो काढला आणि खरोखर हळहळून म्हणाली, "किती सुंदर आहे! पण पॅलेट लॉक झालंय, आजी."

आईने लुगडं घडी घालून परत ठेवलं. त्या दिवसापासून लग्नातली कुठलीही गोष्ट अडली की ती म्हणायची, "पॅलेट लाक झालंय." पंप बंद पडला तरी.

या सगळ्यात माझा उत्साह कमी होता असं समजू नका. डिझायनरने माझी जुनी बैलगाडी बघितली होती. बैल जाऊन बारा वर्षं झाली, गाडी शेडमध्ये पडून आहे, तिच्यावर कोंबड्या बसतात. ती बघून पोरगी जागेवरच नाचली. "काका, ही मंडपाच्या दाराशी हवी!" मला भरून आलं. पुतणीचं लग्न, दारात आपली गाडी. मी दुसऱ्या दिवशी सासवडला जाऊन ऑइल पेंटचे डबे आणले. चाकं तांबडी, साटा निळा, कण्याला पिवळा पट्टा, जू गुलाबी. बेंदराला आमच्या वडिलांनी रंगवली असती तशी. मग रंग उरला म्हणून विहिरीचा कठडाही रंगवला. कठड्यावर रंग उठून दिसेना, म्हणून आधी चुन्याचा हात दिला. चुना उरला म्हणून बांधावरच्या झाडांचे बुंधे रंगवले, खाली गेरू, वर चुना.

पुढच्या खेपेला डिझायनर आली ती गाडीसमोर बराच वेळ न बोलता उभी राहिली. मग विचारलं, "काका, तिच्यावरचा तो... जुनेपणा कुठे गेला?"

मला वाटलं ती कौतुक करतेय. "घासून काढला. दोन दिवस लागले."

नंतर उलगडा झाला की तिला गाडी नको होती, गाडीवरचा गंज हवा होता. त्याला रस्टिक म्हणतात. माझ्याकडे गंज भरपूर होता, मागितला असता तर ढिगाने दिला असता: नांगराचा फाळ, कडबा कुट्टीचं जुनं मशीन, एक मोडकी पाभर. पण मंगलकार्यात दाराशी गंज ठेवायचा असतो हे मला कोण सांगणार? शेवटी त्यांनी पुण्याहून भाड्याने एक चाक आणलं. लाकडी, नवंकोरं, वर जुनं दिसावं म्हणून रंग दिलेला. म्हणजे त्यांनीही रंगच दिला होता, फक्त उलट्या दिशेने.

आता सूर्यफुलांचं सांगतो. पुतणीला नवरा-नवरीच्या मागे पिवळं शेत हवं होतं. पंजाबात मोहरी असते तसं. मी म्हटलं, मोहरीचं सोड, करडई पेरता आली असती, पण तिचा हंगाम गेला, आणि मार्चपर्यंत ती वाळून अशी काटेरी होते की वऱ्हाड आत गेलं तर सोडवायला माणसं लावावी लागतील. सूर्यफूल जमेल. संक्रांतीच्या सुमारास पेरलं तर साठ-पासष्ट दिवसांत फुलतं, मार्चअखेर ऐन भरात असेल. तिने टाळ्या वाजवल्या. मी शाळवाच्या वावराला लागून पूर्वेच्या अंगाला दहा गुंठ्यांची पट्टी धरली, पेरलं, विरळणी केली, विहिरीतलं पाणी अंजिराच्या तोंडचं काढून त्याला दिलं. पीकही असं आलं की रस्त्याने जाणारे गाड्या थांबवून फोटो काढू लागले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात फोटोग्राफर जागा बघायला आला. त्याने हातांची चौकट करून चारी दिशांना बघितलं आणि निर्णय दिला. मुहूर्ताच्या वेळी मावळतीचा सोनेरी उजेड दोघांच्या तोंडावर पडला पाहिजे. म्हणून कॅमेरा पश्चिमेला, जोडपं मध्ये, पूर्वेची सूर्यफुलं मागे.

"सगळं खरं," मी म्हणालो, "पण ती तुमच्याकडे बघणार नाहीत."

"कोण?"

"फुलं."

त्याला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. सूर्यफूल सूर्याकडे बघतं हे त्याने तिसरीच्या पुस्तकात वाचलं होतं. संध्याकाळी सूर्य पश्चिमेला, म्हणजे फुलांची तोंडं पश्चिमेला, म्हणजे थेट कॅमेऱ्यात. हिशेब चोख होता. पण झाड कोवळं असतं तोवरच ते सूर्यामागे मान फिरवतं. फूल पूर्ण उमललं, मान जड झाली, की तोंड पूर्वेला करून जे बसतं ते कापणीपर्यंत. मी त्याला संध्याकाळी पाच वाजता बांधावर नेऊन उभं केलं. दहा गुंठे सूर्यफूल, हजारो फुलं, आणि सगळी आमच्याकडे पाठ करून उभी. गावच्या सभेत ठराव मांडल्यावर माणसं बघतात तशी.

मंडप पलीकडे न्यायचा तर पूर्वेला बांध येत होता आणि बांधापलीकडे चुलतभाऊ. त्या बांधावरून आमची केस चालू आहे. किती वर्षं ते विचारू नका. केस लागली तेव्हा बांधावरची बाभूळ गुडघाभर होती, आता तिच्या सावलीत ट्रॅक्टर उभा राहतो. ती बाभूळ कुणाची हाही त्या केसमधला एक मुद्दा आहे. तेव्हा मंडप होता तिथेच राहिला. डिझायनरने मात्र फुलांच्या पाठी नीट निरखल्या, लॅपटॉपशी ताडून पाहिल्या आणि शांतपणे म्हणाली, "इट्स ओके. पाठीमागून ती सेज ग्रीन आहेत."

त्या क्षणी मला या पोरीविषयी आदर वाटला.

चुलतभावाकडे मात्र जावंच लागलं, कारण गाड्या लावायला त्याचंच काढलेलं कांद्याचं रान होतं. आम्ही दोघं कोर्टातच भेटतो, त्यामुळे घरी काय बोलायचं असतं ते सुचेना. त्याने चहा दिला, मी पत्रिका दिली. तो म्हणाला, "लाव गाड्या. पोरगी माझीपण आहे. पण बाभळीच्या अलीकडे लावा." मी विचारलं, "अलीकडे म्हणजे कुणाच्या?" तो म्हणाला, "ते तारखेला बोलू."

माणसांचाही असाच घोळ. पुतणीच्या यादीत दीडशे माणसं होती. त्याला इंटिमेट म्हणतात. मी तिला समजावलं की गावात इंटिमेट नसतं. गावात आमंत्रण दोनच प्रकारचं: घरटी एक किंवा चूलबंद. घरटी एक म्हणजे प्रत्येक घरातून एक माणूस जेवायला. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूलच पेटवायची नाही, सगळ्यांनी यायचं. माझ्या लग्नाला गावाने चूलबंद खाल्लंय, मी गावाच्या प्रत्येक लग्नात चूलबंद खाल्लंय, आता घरच्या कार्याला मी दीडशेची यादी घेऊन कुठल्या तोंडाने फिरू? भावाने डोळे मिटून "चूलबंद" म्हटलं. केटररला आकडा कळवला तेव्हा तो दोन मिनिटं बोललाच नाही. मग त्याने चौदा काउंटरांतले अकरा रद्द केले आणि गावच्या आचाऱ्याला बोलावलं. मसालेभात, वांगं-बटाटा, जिलबी, मठ्ठा. राहिलेल्या तीन काउंटरांत पास्ता होता, शहरातल्या पाहुण्यांसाठी. तो गावाने कोशिंबीर म्हणून खाल्ला.

पाणी, वीज, संडास यांवर एक स्वतंत्र लेख होईल, पण तो वाचवणार नाही. एवढंच सांगतो की शेतीची लाईट तेव्हा ठरावीक तासच असायची, कधी दिवसा आणि कधी रात्री, आणि आमची पाळी कधी काय असेल ते आम्हालाही आदल्या रविवारी कळायचं. जनरेटर आला. फिरत्या संडासाची व्हॅन आली, ती पाणंदीत रुतली आणि दोन दिवस तिथेच वापरली गेली. दहा हजार लिटरचा टँकर आला. कोकिळही आला होता.

लग्नाआधी महिनाभर ते प्री-वेडिंगचं शूटिंग झालं. ते अंजिराच्या बागेत करायचं होतं. मी बजावलं होतं, अंजिराचं पान पॉलिश पेपरासारखं खरखरीत असतं, देठ मोडला की पांढरा चीक गळतो, अंगाला लागला की खाज सुटते. आमचे तोडणीवाले भर उन्हाळ्यात फुल बाह्यांचे शर्ट घालतात ते काही फॅशन म्हणून नाही. पण पुतणीने बिनबाह्यांचा पीच रंगाचा झगा घातला होता, आणि फोटोग्राफरचं म्हणणं, फांद्या बाजूला सारत तिने जावयाकडे धावत यावं. चार वेळा धावली. पाचव्या वेळी ती आणि जावई दोघंही थांबून एकमेकांच्या मानेकडे बघायला लागले. त्या फोटोंत दोघं फार प्रेमाने एकमेकांना बिलगलेली दिसतात. ती प्रत्यक्षात एकमेकांची पाठ खाजवत आहेत. संध्याकाळी आईने दोघांना ओसरीवर बसवून खोबरेल तेल लावलं आणि म्हणाली, "हळद आधी अंजिराची लागली." जावयाने मला विचारलं, "नाना, हे तुम्ही रोज कसं करता?" तेव्हापासून तो मुलगा मला आवडतो.

लग्नाचा आठवडा म्हणजे नेमका मीठा बहार, म्हणजे अंजिराचं उन्हाळी पीक, सुरू व्हायचा आठवडा. अंजीर पिकलं की थांबत नाही. आज तोडलं नाही तर उद्या पक्षी, परवा मुंग्या. पहाटे चारला तोडणी, पाट्यांत पानं घालून भरायचं, सहाला टेम्पो मार्केट यार्डाला. माझी माणसं तोडणीला आणि डिझायनरची माणसं त्याच वेळी झेंडू, शेवंती, गुलछडी घेऊन मार्केट यार्डातून इकडे. दिवे घाटात रोज दोन्ही टेम्पो समोरासमोर यायचे. आमचा ड्रायव्हर सांगायचा, "नाना, आपण पोटात घालायचं घेऊन जातो, ते फेकून द्यायचं घेऊन येतात, आणि भाडं त्यांचं जास्त."

लग्नाचा दिवस. दुपारी अडीचपर्यंत सगळं झालं होतं. खरं सांगतो, दिसतही फार सुंदर होतं. धसकटांवर गालिचे, चाळीस बांबू, आणि बांबू-बांबूंवरून पाच रंगांचे लांबच लांब झिरझिरीत पडदे. वाऱ्याची झुळूक आली की सगळं शेत श्वास घेतंय असं वाटायचं. डिझायनर पहिल्यांदाच खुर्चीवर टेकली आणि म्हणाली, "काका, बघा, किती हलकं वाटतं ना?"

हलकं होतं, तीच अडचण होती. शाळू काढलेल्या तापल्या रानात मार्चच्या दुपारी काय उठतं हे मी तिला सांगायला विसरलो होतो. पावणेतीनला विहिरीपाशी पाचोळ्याने एक गिरकी घेतली. मग कडब्याच्या गंजीने दोन पेंढ्या दिल्या. आईने ओसरीवरून आवाज दिला, "वावटळ आली गं, डोळं झाका!" मी डोळे झाकले. उघडले तेव्हा पन्नास फुटांवर एक भुताळी खांब फिरत होता, आणि तो पंचरंगी होता. मस्टर्ड, सेज ग्रीन, डस्टी रोझ, सगळे वर. हाताने रंगवलेला अंतरपाटही त्यात गेला. दोन मिनिटांत वावटळ बांध ओलांडून गेली. चाळीस बांबू तेवढे जागेवर उभे होते, अंगावर काहीही नसलेले.

डिझायनर कांद्याच्या गोणीवर बसली. आईने तिला गूळपाणी दिलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आता झालं न्हवं पॅलेट मोकळं?"

पावणेचार तास होते. पाहुण्यांवर ऊन पडू द्यायचं नव्हतं, आणि शेतकऱ्याच्या शेडमध्ये जे असतं ते माझ्या शेडमध्ये होतं. रोपवाटिकेचं हिरवं शेडनेट. मळणीच्या निळ्या ताडपत्र्या. मल्चिंगचा चंदेरी पेपर, अर्धा रोल. अंजिरावरची पाखरांची जाळी. खतांच्या पांढऱ्या गोण्या शिवून केलेलं एक पटकूर. चुलतभावाने त्याच्याकडची पिवळी ताडपत्री पाठवली, वर त्याचं नाव मोठ्या अक्षरात रंगवलेलं, म्हणजे परत देताना वाद नको. पोरगी उठली, डोळे पुसले, बांबूवर चढलेल्या माझ्या गड्यांना म्हणाली, "निळं वर, चंदेरी कडेला." काम करणारं माणूस काम करायला लागलं की ते कुठल्या गावचं आहे ते कळत नाही.

साडेपाचपासून गाव येऊ लागलं. पाहुण्यांना रंगांची सूचना होती. ती गावालाही पोचवली होती. गावातले सगळे पुरुष पांढऱ्या कपड्यांत, पांढऱ्या टोपीत आले. लग्नाला जाण्याचा रंग एकच असतो, आणि तो कुणाच्या पत्रिकेने बदलत नाही. बायका सगळ्या रंगांत आल्या. ट्रंकेतली अंजिरी आईच्या अंगावर होती.

आणि आता गाई. पुतणीला गोरज खरी हवी होती. सहा चाळीसला मंगलाष्टकं संपता संपता गाई कडेने घरी परत याव्यात, खुरांनी धूळ उडावी. मी तिला परोपरीने सांगितलं होतं की माझ्या गाई परत येत नाहीत, कारण त्या जातच नाहीत. होल्स्टिन आहेत त्या. चांदी आणि सरपंचीण. चोवीस तास गोठ्यात. पंखा, मॅट, वैरण जागेवर. संध्याकाळी साडेसहा म्हणजे त्यांची धारेची वेळ, सातला डेअरीची किटली जाते. गोरज मुहूर्ताला सगळ्या गावच्या गाई दूध काढायच्या मशीनवर असतात. पण लग्न तिचं. म्हणून पाच वाजता दोघींना दावं सोडून पाणंदीने टेकाडाकडे नेलं, एवढ्यासाठी की सहा चाळीसला परत आणता याव्यात.

सहा छत्तीस. गुरुजींनी आपल्या पिशवीतला अंतरपाट काढला. त्यांच्या पिशवीत एक कायमचा असतो, त्याच्यावर आतापर्यंत शेकडो जोडपी लागली आहेत. सनई थांबली. मंगलाष्टकं सुरू झाली. मावळतीचा उजेड खरोखरच दोघांच्या तोंडावर सोन्यासारखा पडला होता, फोटोग्राफर खूष, मागे हजारो फुलं पाठ करून उभी. आणि पाणंदीच्या तोंडाशी चांदी आली.

चार वर्षं गोठ्यात उभ्या असलेल्या गाईने दीड तास मोकळं रान बघितलं होतं. त्यात कास भरून आलेली. त्यात समोर सातशे माणसं. ती घराकडे वळलीच नाही. शेपूट उभारून सरळ मंडपाच्या बाजूने निघाली, तिच्यामागे सरपंचीण, तिच्यामागे गडी, त्याच्यामागे दावं. धूळ अशी उडाली की गोरज म्हणून शास्त्रात जे काही लिहिलं असेल ते सगळं त्या पाच सेकंदांत झालं. गुरुजी "सावधान" म्हणाले ते नेहमीपेक्षा फार मोठ्याने म्हणाले. दोघी गाई जोडप्याच्या मागून सूर्यफुलांत घुसल्या, तिथे दुधाळ दाणे खायला बसलेला पोपटांचा थवा एकदम चिरकत उठला, आणि त्याच क्षणी अंतरपाट सरकला, ताशा वाजला, अक्षता पडल्या. कुणाचं लक्ष कुठे होतं ते सांगता येत नाही. पुतणीने हार घातला तो बघून घातला, एवढं नक्की. जावयाने तिच्या गळ्यात घातला तेव्हा तो वर पोपटांकडे बघत होता.

त्या क्षणाचा फोटो मोठा करून भावाच्या पुण्याच्या घरात लावलाय. निळी ताडपत्री, चंदेरी कडा, हिरवे पोपट, धुरकट सोनेरी धूळ, दोघांच्या मधोमध सूर्यफुलांतून मान वर काढलेली काळी-पांढरी चांदी. सगळ्या फुलांनी पाठ केलेली. कॅमेऱ्याकडे बघणारी ती एकटीच. पाहुणे विचारतात, थीम कुठली होती? भाऊ सांगतो, "रस्टिक."

दुसऱ्या दिवशी जोडपं जेजुरीला गेलं. जावयाने पुतणीला उचलून पाच पायऱ्या चढवल्या, वरून कुणीतरी मूठभर भंडारा उधळला. परत आली तेव्हा दोघंही डोक्यापासून पायापर्यंत पिवळीधम्मक होती. आईने तिचा चेहरा हातात धरून बघितला आणि डिझायनरला फोन लावायला सांगितला. फोन लागल्यावर म्हणाली, "पोरी, मस्टर्ड मिळाला बघ."

चांदीचं दूध चार दिवस निम्म्यावर आलं होतं, आता पूर्ववत आहे. रोज साडेसहाला दाराकडे बघते. वाऱ्याने नेलेले पडदेही बरेचसे सापडले. दोन विहिरीत, एक शाळेच्या छपरावर, एक सीताफळात. शाळेवरचा मास्तरांनी गॅदरिंगला ठेवून घेतला. फक्त तो पीच रंगाचा राहिलाय. तो सगळ्यात लांब होता, बांधावरच्या बाभळीला शेंड्यापासून बुंध्यापर्यंत गुंडाळून बसलाय. वारा आला की बाभूळ नवरीसारखी दिसते. गड्याला काढायला पाठवला तर चुलतभाऊ बांधावर येऊन उभा राहिला. म्हणाला, कापड तुझं असेल, नाही म्हणत नाही, पण झाडावर चढायचं तर आधी झाड कुणाचं ते ठरू दे.

पुढची तारीख श्रावणात आहे.